‘संमिश्र’ म्हणजे नेमके काय? रॅप अल्बमवर लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांच्या पुरवण्यांचे संपादक आणि संगीतावर लिहिणारे सर्व समीक्षक यांस,

स. न. वि. वि.

अंडरग्राउंड रॅपचा एखादा अल्बम आला की तुमच्या पुरवणीच्या कोपऱ्यात एक चौकट येते. दीड-दोनशे शब्द, अडीच तारे आणि शेवटी ठरलेले वाक्य: ‘अल्बमला संमिश्र प्रतिसाद मिळतो आहे.’ कोणाला काय आवडले, कोणाला काय खटकले, खटकले ते शब्दांत होते की आवाजात, बीटमध्ये (शब्दांखाली वाजणाऱ्या संगीतात) होते की मिक्समध्ये (सगळे आवाज एकमेकांत बसवण्यात), यातले काहीही त्या चौकटीतून कळत नाही. बरीच वर्षे आम्ही हे वाचून गप्प बसलो. आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला आणि तुमच्या वाचकांनाही.

आम्ही बीट बनवणारे, राहत्या खोलीत आवाज रेकॉर्ड करणारे, मिक्स आणि मास्टर करणारे, म्हणजे तयार गाण्यावर आवाजाचा शेवटचा हात फिरवणारे लोक आहोत. आमच्यातले काही स्वतः रॅप लिहितात. अशा अल्बममागे कंपनी नसते, जाहिरात नसते, प्रसिद्धी सांभाळणारा माणूस नसतो. तुमची चौकट ही बहुतेक वेळा त्या कामाची एकमेव छापील नोंद असते. उद्या एखाद्या महोत्सवाचा किंवा कॉलेजचा आयोजक त्या पोराचे नाव शोधायला बसला, तर त्याच्या हाताला हीच चौकट लागते. आम्हाला कौतुकाची भीक नको आहे. वाईट अल्बमला वाईट म्हणा, पण काय वाईट आहे ते सांगा.

संमिश्र प्रतिसादात लाज वाटण्यासारखे काही नाही. नीट सांगितला तर त्यातून अल्बम समजतो. २००४ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टोन्स थ्रो या छोट्या कंपनीने ‘मॅडव्हिलनी’ काढला. शब्द एमएफ डूम या रॅपरचे, बीट मॅडलिबचे. आज अंडरग्राउंड हिप-हॉपबद्दल बोलताना तो टाळून पुढे जाता येत नाही. पण अल्बम बाहेर येण्याच्या १४ महिने आधीच त्याची कच्ची प्रत इंटरनेटवर फुटली होती. त्या प्रतीत डूमचा आवाज चढा, जोशातला होता. नंतर त्याने शब्द पुन्हा रेकॉर्ड केले, खालच्या आवाजात, संथ, जवळजवळ गप्पा मारल्यासारखे. ज्यांच्या कानात कच्ची प्रत मुरली होती त्यांच्यापैकी काहींना नवा आवाज मरगळलेला वाटला. ज्यांनी थेट अल्बमच ऐकला त्यांना तोच आवाज त्या धुरकट बीटवर नेमका बसलेला वाटला. याला म्हणायचे संमिश्र प्रतिसाद! मतभेद एकाच जागी आहे, त्याचे कारण माहीत आहे आणि वाचक दोन्ही प्रती लावून स्वतः ठरवू शकतो.

त्याच अल्बमबद्दल आणखी एक. मॅडलिबने त्यातले काही बीट ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत बसून केले. साधने म्हणजे बॉस एसपी-३०३ हा हाताएवढा सॅम्पलर (जुन्या गाण्यांचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, उचलून वाजवणारे यंत्र), तबकड्या वाजवायचे एक पोर्टेबल टर्नटेबल आणि एक टेप डेक. जुन्या तबकडीची खरखर तिथे मुद्दाम राहू दिली आहे. अल्बममध्ये २२ तुकडे आहेत आणि सगळे मिळून साधारण ४६ मिनिटे. बहुतेक गाण्यांना धृपदच नाही. तुमच्या चौकटीच्या मोजपट्टीने पाहिले तर ‘निर्मितीमूल्ये कमी, गाणी अपुरी, लक्षात राहील असे धृपद नाही’ एवढाच शेरा पडला असता. आमच्याकडच्या पोरांवर दर वेळी हाच शेरा पडतो.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार ऐकण्याच्या पद्धतीची. ‘ठेका पोकळ आहे, बेसच नाही’ असे वाक्य वाचले की समीक्षा फोनच्या स्पीकरवर झाली हे आम्हाला लगेच ओळखू येते. रॅपमधला खालचा दणका बहुतेक वेळा ‘८०८’चा असतो. रोलँड कंपनीच्या १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवरून आलेला हा आवाज. त्याचा मूळ स्वर साधारण ४० ते ६० हर्ट्‌झमध्ये असतो आणि फोनचा स्पीकर २०० हर्ट्‌झच्या खाली जवळपास मुका असतो. म्हणजे बेसची पूर्ण चाल तुमच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. फोनवरही ती थोडी कळावी म्हणून आम्ही ८०८ ला जरा सॅच्युरेशन देतो, म्हणजे त्याचे वरचे स्वर उमटतात. पण ते जास्त झाले की चांगल्या स्पीकरवर आवाज फाटतो. हा तोल साधला की फसला, हे तुम्ही लिहायला हवे, आणि त्यासाठी निदान तारेचे बरे हेडफोन हवेत.

आवाजाच्या पातळीचेही तसेच. स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याच्या मापाच्या) आसपास आणून वाजवली जातात. एखाद्याने मास्टर करताना उणे ७ पर्यंत दाबून आवाज मोठा केला असेल, तर सेवा तो ७ डेसिबलने खाली खेचते. उरतो तो चेपलेला, दम नसलेला आवाज. ही मास्टरिंगमधली चूक आहे आणि आमच्यात ती सर्रास होते. ती पकडा, नाव घेऊन पकडा. पण तेच गाणे एका ठिकाणी खाली खेचलेले आणि फिल्मी गाणे दुसरीकडे पूर्ण आवाजात ऐकून तुलना केली, तर ती तुलना दोन गाण्यांची राहत नाही.

दुसरी तक्रार: तुम्ही रॅप कागदावर उतरवून कवितेसारखा तपासता. आम्हाला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. उदाहरणासाठी इथेच रचलेल्या दोन ओळी पाहा:

नळ सुटतो साडेपाचला, रांगेत हंडा माझा पाचवा,
समोरच्या टॉवरवर पाटी – ‘थेंब थेंब पाणी वाचवा’.

कागदावर हे साधे यमक आहे. ‘पाचवा–वाचवा’, झाले. आता ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, बीटवर ठेवून पाहा. या वेगात चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो आणि प्रत्येक ओळीला एक बार मिळतो. पहिली ओळ ठासून भरलेली आहे, श्वास घ्यायलाही जागा नाही, पहाटेच्या रांगेसारखी. ‘साडेपाचला’ आणि ‘पाचवा’ यांचे आतले यमक त्याच घाईत निघून जाते. दुसऱ्या ओळीत ‘पाटी’ संपते आणि अर्धा ठोका, म्हणजे सुमारे ०.३३ सेकंद, काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत एकटा स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, पडतो. मग ‘थेंब थेंब’ हाय-हॅटच्या (ड्रमच्या छोट्या झांजांच्या) दोन टिचक्यांवर. ‘वाचवा’ आले की कानाला आधीचे दोन्ही ‘पाच’ आठवतात आणि रागाचे कारण कळते. रॅपरने तो अर्धा ठोका सोडला नाही, तर याच ओळी सपाट पडतात. शब्द तेच, काम दुसरे. म्हणून रॅपरने कुठे थांबायचे ठरवले, कोणता शब्द ठोक्याच्या आधी टाकला आणि कोणता मागे ओढला, हे समीक्षेत यायला हवे. सोळा बारचा एक व्हर्स, म्हणजे कडवे, या वेगात ४३ सेकंदांत संपतो. तेवढा भाग तीनदा ऐकायला सव्वादोन मिनिटेही लागत नाहीत.

तिसरी तक्रार ऑटोट्यूनची, म्हणजे आवाजाचा सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची. पुण्याच्या ताडीवाला रोडवरून आलेल्या एमसी स्टॅन या रॅपरचा ‘तडीपार’ हा अल्बम २०२० मध्ये आला आणि ‘इन्सान’ २०२२ मध्ये. ‘इन्सान’मधल्या ऑटोट्यूनवरून ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. एका बाजूला ‘गाता येत नाही म्हणून मशीन लावले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘तुम्हाला नवा आवाज समजत नाही’. या भांडणात समीक्षकाने काहीतरी उलगडून सांगायला हवे होते. ते न होता दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी छापली गेली आणि खाली ‘संमिश्र’ची मोहोर उठली.

ऑटोट्यून १९९७ मध्ये बाजारात आले. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातल्या कंपनांच्या नोंदी तपासण्याचे काम करत. आवाजातला स्वर ओळखायचा आणि तो ठरवून दिलेल्या सप्तकातल्या जवळच्या स्वरावर न्यायचा, एवढेच ते करते. किती वेगाने न्यायचा याला रिट्यून स्पीड म्हणतात. हा आकडा मोठा ठेवला तर दुरुस्ती कानाला कळत नाही. शून्यावर आणला तर आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीसारखा उडी मारतो, आणि हाच तो रोबोसारखा परिणाम. तो हवा असेल तर रॅपरला मुद्दाम दोन स्वरांमध्ये घसरावे लागते, हेडफोनमध्ये तो परिणाम ऐकत ऐकत. सरळ बोलत गेले तर पायऱ्या उमटतच नाहीत. म्हणजे इथेही गळा लागतो, फक्त त्याचे काम वेगळे असते.

चुका कुठे होतात तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी पकडता येतील. बीट एफ मायनर पट्टीत (गंधार कोमल) आणि प्लगइन, म्हणजे ऑटोट्यूनचे सॉफ्टवेअर, एफ मेजरवर (गंधार शुद्ध) राहिले, की गंधाराच्या जागी प्रत्येक लांब स्वर चुकीच्या पायरीवर चढतो. खोलीतला पंखा किंवा हेडफोनमधून गळणारा बीट माइकमध्ये आला, की प्लगइनला स्वर नीट ओळखता येत नाही आणि आवाज थरथरतो. आणि ऑटोट्यून अक्षरातला स्वर ओढते, अघोष व्यंजनांना ते हात लावत नाही. ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ लांबवले की परिणाम ठळक होतो. ‘क’, ‘ट’, ‘स’ जसेच्या तसे राहतात. म्हणून तुटक व्यंजनांनी भरलेल्या ओळीवर ते लावून उपयोग नसतो. आता या कसोट्यांवर कोणताही अल्बम ऐका. कुठल्या गाण्यात ते वाद्यासारखे वापरले आहे आणि कुठे नुसते सवयीने चालू राहिले आहे, हे गाण्याचे नाव घेऊन लिहिता येईल. मग निकाल विरोधात गेला तरी आमची तक्रार नाही. मॅडलिबने २००० सालच्या ‘द अनसीन’मध्ये टेप मंद ठेवून शब्द बोलले आणि मग वेग वाढवून आवाज चिरका केला. त्यातून क्वासिमोटो हे वेगळे पात्र उभे राहिले. आवाज बदलणे ही या संगीताची जुनी रीत आहे.

चौथी तक्रार: बीट कोणी केला हे तुम्ही लिहीतच नाही. मुंबईच्या नेझी आणि डिव्हाइन यांचे ‘मेरे गली में’, दिल्लीच्या प्रभ दीपचा २०१७ चा ‘क्लास-सिख’, तिथल्याच सीधे मौत या जोडीचा २०१८ चा ‘बयान’ या तिन्हींमागे सेझ ऑन द बीट हा एकच प्रोड्युसर आहे. एवढी एक ओळ छापली असती, तर मुंबई आणि दिल्लीचा रॅप कानाला जोडून ऐकता आला असता. २०२२ च्या ‘नायाब’ या अल्बमवर सीधे मौतच्या बरोबरीने सेझचे नाव आहे, तेव्हा कुठे काही लोकांच्या लक्षात आले. चित्रपटाच्या परीक्षणात संगीतकाराचे नाव गाळायची हिंमत तुमच्यापैकी कोणी करेल का?

आणि बीट कुठून आला यावर मिक्सचे बरेच काही ठरते. पैसे नसलेला रॅपर इंटरनेटवरून बीट लीजवर, म्हणजे वापरण्यापुरता भाड्याने, घेतो. स्वस्त लीजमध्ये पूर्ण बीटची एकच स्टिरिओ फाइल मिळते. ड्रम, बेस, सॅम्पल यांचे वेगळे ट्रॅक, म्हणजे स्टेम्स, हवे असतील तर जास्त पैसे. एकाच फाइलवर काम करताना आवाजाला जागा करून द्यायला २ ते ४ किलोहर्ट्‌झचा पट्टा खाली घेतला, की त्याच पट्ट्यातला स्नेअरही बसतो. न घ्यावा तर शब्द बीटखाली दबतात. ‘आवाज बीटवर वरून चिकटवल्यासारखा वाटतो’ असे तुम्ही लिहिता तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते. निरीक्षण बरोबर आहे, दोष मात्र तुम्ही रॅपरच्या ‘आत्मविश्वासाच्या अभावा’ला देता. लीजवरचा बीट एकट्याचा नसतो, तोच दुसऱ्या कोणाच्या गाण्यातही सापडू शकतो. त्यावरून ‘चाल चोरली’ असे छापणे हा आरोप आहे. आधी एक फोन करून विचारत जा.

खोलीचेही तसेच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला गाद्या-गोधड्या टेकवून रेकॉर्डिंग होते. त्याने वरचा खणखणाट मरतो, पण २०० ते ४०० हर्ट्‌झचा घुमारा तसाच राहतो आणि माणूस डब्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. गादी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि तोंड माइकपासून वीतभर लांब ठेवले, तर अर्धे दुखणे कमी होते. मिक्समध्ये ३०० हर्ट्‌झच्या आसपास ३ डेसिबल कापले की आणखी थोडे. हे न केलेले अल्बम भरपूर आहेत. त्यांना सुनावा.

पाचवी तक्रार तुलनेची. पहिला परिच्छेद ‘गली बॉय’चा, ही प्रथा आता थांबवा. तो चित्रपट फेब्रुवारी २०१९ चा. कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर रेकॉर्ड आणि चित्रित केलेले ‘आफत’ २०१४ चे आहे. दुसरी आवडती तुलना पोवाड्याची. रॅप मराठीत असला की तो ‘आजचा पोवाडा’ होतो. पोवाड्यात शाहीर गोष्ट पुढे नेतो, डफ-तुणतुणे त्याच्या मागून धावते, तो लांबला तर तेही लांबते. रॅपमध्ये लूप थांबत नाही, बोलणाऱ्यालाच त्यात मावावे लागते. दोन्हींची शिस्त वेगळी आहे. नाते दाखवायचेच असेल तर झीलकऱ्यांकडे पाहा. शाहिराच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलून ‘जी जी’ करणारे झीलकरी आणि मुख्य आवाजामागे रेकॉर्ड केलेले ॲडलिब, म्हणजे अधूनमधून टाकलेले उद्गार, एकच काम करतात, ओळ पक्की करण्याचे आणि बोलणाऱ्याला श्वास देण्याचे. लोकसंगीत आणि रॅप खरोखर एकत्र ऐकायचे असतील तर स्वदेसी या रॅपरांच्या गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ आहे. त्यात आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि विषय जंगल-जमिनीचा आहे.

सहावी लहान आहे. मराठी रॅपमधले हिंदी-इंग्रजी शब्द मोजत बसू नका. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरच्या, म्हणजे ‘१०० आरबीएच’च्या तोंडी वऱ्हाडी येते तेव्हा ती ‘अशुद्ध’ नसते. आणि ओळ उद्धृत करताना ती चुकीची ऐकून छापू नका. नीट कळली नाही तर विचारा.

आमच्या बाजूचे दोष आम्ही झाकत नाही. ऐकण्यांचे आकडे वाढावेत म्हणून अल्बममध्ये वीस-वीस गाणी कोंबली जातात. त्यातली सात पुरली असती. अर्ल स्वेटशर्ट या अमेरिकन रॅपरने २०१८ मध्ये १५ गाण्यांचा अल्बम २५ मिनिटांत संपवला होता. ८०८ ला स्वर असतो, तरी अनेक नवे प्रोड्युसर तो सॅम्पलच्या पट्टीत लावत नाहीत आणि पूर्ण गाणे बेसूर होते. ही चूक आजवर एकाही मराठी परीक्षणात आमच्या वाचनात आलेली नाही. बायकांबद्दलच्या घाणेरड्या ओळी ‘रांगडेपणा’ म्हणून खपवल्या जातात. एका ठोक्यात तीन-तीन अक्षरे कोंबत झपाट्यात बोलायची तीच पद्धत प्रत्येक गाण्यात येते. पाहुण्या रॅपरचा व्हर्स विषय सोडून भलतीकडे जातो. यावर कडक लिहा. असे लिहिलेले परीक्षण आम्ही पुढच्या रेकॉर्डिंगला समोर ठेवू.

आमच्या मागण्या अशा:

१. रॅप अल्बमवर लिहिण्याआधी तो पूर्ण, क्रमाने, किमान दोनदा ऐकावा. एकदा हेडफोनवर आणि एकदा बेस ऐकू येईल अशा स्पीकरवर.

२. परीक्षणात बीट, रेकॉर्डिंग आणि मिक्स करणाऱ्यांची नावे द्यावीत.

३. प्रत्येक आक्षेपासोबत गाण्याचे नाव आणि जागा द्यावी. ‘तिसऱ्या गाण्यात १ मिनिट १० सेकंदांपासून’ एवढे पुरे.

४. ‘संमिश्र प्रतिसाद’ लिहायचे असेल तर मतभेद कोणत्या गोष्टीवर आहे ते पुढच्याच वाक्यात लिहावे. नाहीतर तो शब्द वापरू नये.

५. तारे द्यायचे असतील तर निदान चारशे शब्दांची जागा द्यावी. दीडशे शब्दांच्या चौकटीत तारे देऊ नयेत.

६. ओळ किंवा नाव चुकीचे छापले गेले, तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात यावी.

७. हे काम रॅप नियमित ऐकणाऱ्या माणसाला द्यावे आणि त्याला त्याचे मानधन द्यावे. शास्त्रीय मैफिलीचे परीक्षण तुम्ही ज्याला राग ओळखता येतो त्यालाच देता.

तुमचे काम सोपे व्हावे म्हणून आमच्याकडून एवढे करू. अल्बम येण्याच्या दहा दिवस आधी मागेल त्या समीक्षकाला डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाच्या आवाजाच्या, फाइल्स, सर्व गाण्यांचे शब्द, कोणी काय केले याची यादी, प्रत्येक गाण्याचा बीपीएम आणि पट्टी, आणि बीट लीजचा आहे की मूळ हे लिहून पाठवू. बोलीतल्या शब्दांचे अर्थ सोबत असतील. परीक्षण छापण्याआधी दाखवा असे आम्ही कधीही म्हणणार नाही, आणि निकाल विरोधात गेला तर पुढच्या अल्बमच्या फाइल्स अडवणार नाही.

उत्तराची वाट पाहत आहोत. ते तुमच्या पुरवणीतच छापलेत तर बरे होईल.

कळावे,

आपले,
मुंबई आणि पुण्यात रॅपचे बीट, रेकॉर्डिंग व मिक्सिंग करणारे काहीजण